नाव मिरचीचे, ओळख बियाण्याची : मिरचीतील जनुकीय विविधता आणि रेणवीय चिन्हके

भारतातील भौगोलिक निर्देशांकांची नोंदवही चेन्नईत ठेवली जाते. तेथील गिंडी भागातील नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी, कर्नाटकातील ब्याडगी, आंध्र प्रदेशातील गुंटूर सन्नम, गोव्याच्या काणकोण तालुक्यातील खोला आणि तमिळनाडूतील रामनाथपुरम मुंडू या मिरच्यांची नावे नोंदलेली आहेत. भिवापुरीला हा मान २०१६-१७ मध्ये, खोल्याला २०१९ मध्ये, तर मुंडूला २०२३ मध्ये मिळाला. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे मुख्यालयही याच शहरात आहे. मिरचीच्या नावाचे आणि तिच्या जैविक वारशाचे राष्ट्रीय पातळीवरील कामकाज असे एकाच शहरातून चालते.

नोंदणीमुळे नावाला कायद्याचे संरक्षण मिळते. त्या नावाने पेरले जाणारे बियाणे मात्र दरवर्षी शेतात, बाजारात आणि मधमाशीच्या पायांवरून बदलत राहते. भौगोलिक निर्देशांकाच्या अर्जात वाणाचे वर्णन असते; परंतु ते मुख्यतः रंग, आकार, साल आणि तिखटपणा यांचे असते. वर्णनाशी जुळणाऱ्या दोन झाडांचा वंश एकच आहे का, शेजारच्या संकरित वाणाचा अंश त्यात शिरला आहे का, आणि मूळ वाणात विविधता किती उरली आहे, या प्रश्नांची उत्तरे डोळ्यांनी मिळत नाहीत. ती शोधण्याचे साधन म्हणजे रेणवीय चिन्हके, अर्थात मॉलिक्युलर मार्कर. या साधनाचे कार्य, त्याच्या मर्यादा आणि त्यात विस्तार कार्यकर्त्यांचा व शेतकऱ्यांचा वाटा यांचा विचार या लेखात केला आहे.

मिरचीची पार्श्वभूमी

मिरची हे मूळचे अमेरिका खंडाचे पीक. पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. तिखटपणासाठी आपल्याकडे तोवर मिरी वापरात होती, म्हणून नव्या फळालाही मिरीवरूनच नाव मिळाले. मराठीत मिरीवरून मिरची झाली. तमिळमध्ये 'मिळगु' म्हणजे मिरी आणि 'मिळगाय' म्हणजे मिरची. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोहोंत काहीही नाते नाही. मिरी पायपरेसी कुळातील वेल आहे, तर मिरची वांगी-टोमॅटोच्या सोलॅनेसी कुळातील झुडूप आहे.

कॅप्सिकम या प्रजातीत लागवडीखालील पाच जाती मानल्या जातात : अ‍ॅन्युअम, फ्रुटेसेन्स, चायनेन्स, बॅकेटम आणि प्युबेसेन्स. आपल्याकडील बहुतांश मिरच्या अ‍ॅन्युअम जातीच्या आहेत, तर ईशान्य भारतातील नागा मिरचीचे नाते चायनेन्सशी आहे. मिरचीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. मेक्सिकोतील एका स्थानिक वाणाच्या जनुकसंचाचे वाचन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. हा संच सुमारे साडेतीनशे कोटी अक्षरांचा आहे, म्हणजे टोमॅटोच्या जवळजवळ चौपट.

समुद्रमार्गे आलेले बियाणे मूळ खंडातील विविधतेचा एक लहानसा भाग होते. त्यातून चार-पाच शतके शेतकऱ्यांनी आपापल्या मातीत, पावसात आणि स्वयंपाकघरात निवड केली. मसाल्याला रंग देणारी सुरकुतलेली ब्याडगी, गोल व जाड सालीची मुंडू, गडहिंग्लजच्या बाजारात विकली जाणारी जवारी संकेश्वरी आणि झणझणीत लवंगी ही त्या निवडीची फळे आहेत. अशा मर्यादित भांडवलावर उभ्या असलेल्या पिकात प्रत्येक स्थानिक वाणाचे मोल अधिक ठरते.

बाह्य लक्षणे कोठे अपुरी पडतात

वाणाची ओळख पटविण्याची पारंपरिक पद्धत झाडाची उंची, पानांचा आकार, फळाची लांबी, देठाकडील भाग, पिकल्यावरचा रंग अशा लक्षणांवर आधारलेली आहे. पीक वाणांच्या कायदेशीर नोंदणीचा मुख्य आधार आजही हीच पाहणी आहे आणि तिचे महत्त्व कमी होत नाही. तिला तीन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा परिस्थितीची. एकाच बियाण्याचे झाड काळ्या मातीत व मुरमाड जमिनीत वेगळे दिसते. दुसरी मर्यादा किडींची. फुलकिड्यांनी खरडलेले फळ आखूड, वेडेवाकडे आणि खरबरीत होते. अशा प्लॉटमधील नोंदीत वाणाचा गुण कोणता आणि किडीचा परिणाम कोणता हे वेगळे करणे अवघड जाते. तिसरी मर्यादा काळाची. फळाची लक्षणे पाहण्यासाठी पूर्ण हंगाम थांबावे लागते. रोपाच्या कोवळ्या पानातील डीएनए मात्र माती, हंगाम किंवा किडीमुळे आपली अक्षरे बदलत नाही.

रेणवीय चिन्हक म्हणजे काय?

डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी मानली, तर दोन वाणांच्या पोथ्या बव्हंशी सारख्याच असतात. काही मोजक्या ठिकाणी पाठभेद आढळतात. असा निश्चित जागेवरचा, प्रयोगशाळेत ओळखता येणारा आणि पुढील पिढीत जाणारा पाठभेद म्हणजे रेणवीय चिन्हक. पीसीआर यंत्रात नेमका तो भाग वाढवला जातो. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होत असल्याने ३० फेऱ्यांनंतर एका प्रतीपासून, सैद्धांतिकदृष्ट्या, शंभर कोटींहून अधिक प्रती तयार होतात. विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने जेलवर त्या लांबीनुसार वेगळ्या केल्या की पट्ट्यांच्या रूपात दिसतात.

मिरचीच्या अभ्यासात पुढील चिन्हके प्रामुख्याने वापरली जातात.

• आरएपीडी : १९९० मध्ये पुढे आलेली पद्धत. दहा अक्षरांचे लहान प्रायमर वापरतात. खर्च कमी आणि पूर्वमाहितीची गरज नाही. परंतु तापमानात किंवा रसायनात किंचित फरक पडला तरी पट्टे बदलतात. एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीत तंतोतंत मिळेलच असे नाही.

• आयएसएसआर : दोन पुनरावृत्त भागांमधील अंतर वाढविणारी पद्धत. प्रायमर लांब असल्याने आरएपीडीपेक्षा अधिक विश्वासार्ह. मात्र पट्टा आहे किंवा नाही एवढेच कळते. झाडात त्या अंशाच्या दोन प्रती आहेत की एक, हे कळत नाही.

• एसएसआर : डीएनएमध्ये दोन-तीन अक्षरांची जोडी सलग अनेकदा येते. ही पुनरावृत्ती एका वाणात १२ वेळा, तर दुसऱ्यात १७ वेळा असू शकते. हा फरक पट्ट्याच्या लांबीतून दिसतो. आई आणि वडील या दोघांकडून आलेले अंश स्वतंत्रपणे दिसत असल्याने संकराची ओळख पटविण्यासाठी हे चिन्हक विशेष उपयुक्त आहे.

• एसएनपी : एकाच अक्षरातील बदल. जनुकसंचाचे वाचन स्वस्त झाल्यापासून हजारो जागा एकाच वेळी तपासता येतात. मोठ्या जननद्रव्य संग्रहांच्या अभ्यासात आता याच पद्धतीकडे कल आहे.

निकाल कसा वाचावा?

संशोधन अहवालात येणारे दोन आकडे विस्तार कार्यकर्त्यांनी समजून घ्यावेत. पहिला साम्य निर्देशांक. एक कल्पित उदाहरण घेऊ. 'क' आणि 'ख' या दोन नमुन्यांत १२ पट्टे सामाईक आहेत, २ केवळ 'क'मध्ये आणि २ केवळ 'ख'मध्ये आहेत. जॅकार्ड पद्धतीने साम्य १२ भागिले १६, म्हणजे ०.७५ येते. 'क' आणि 'ग' यांच्यात ६ पट्टे सामाईक, ८ केवळ 'क'मध्ये आणि ४ केवळ 'ग'मध्ये असतील, तर साम्य ६ भागिले १८, म्हणजे सुमारे ०.३३ येते. अशा जोड्यांवरून वृक्षालेख काढला जातो आणि जवळचे नमुने एकाच फांदीवर बसतात. 'क' व 'ख' गावोगावी वेगवेगळ्या नावांनी ओळखले जात असले, तरी ते एकाच घराण्यातील असावेत असा अंदाज त्यावरून बांधता येतो.

दुसरा आकडा जनुकीय विविधतेचा. एका जागेवर चार वेगवेगळे अंश सारख्याच प्रमाणात, म्हणजे प्रत्येकी २५ टक्के असतील, तर विविधता ०.७५ भरते. दोनच अंश असून एकाचे प्रमाण ९० टक्के व दुसऱ्याचे १० टक्के असेल, तर ती ०.१८ वर येते. शेतात दोन्ही ठिकाणी झाडे एकसारखी दिसू शकतात; पुढील निवडीसाठी उपलब्ध असलेले भांडवल मात्र कितीतरी वेगळे असते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विविधतेच्या अभ्यासातील बहुतेक चिन्हके तटस्थ असतात. ती नाते दाखवतात, गुण दाखवतातच असे नाही. दोन वाण दूरच्या फांद्यांवर आहेत, म्हणून त्यातील एक फुलकिड्यांना प्रतिकारक ठरत नाही. गुणाशी थेट जोडलेली चिन्हके निराळी असतात. तिखटपणासाठी आवश्यक असलेले 'पन-१' जनुक हे त्याचे परिचित उदाहरण. ढोबळ्या मिरचीत या जनुकाचा सुमारे अडीच हजार अक्षरांचा भाग गळालेला असतो, त्यामुळे ती तिखट होत नाही. हा फरक रोपावस्थेतील पानावरूनच तपासता येतो.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने विविधतेचे मोल

मिरचीवरील चुरडा-मुरडा हे एकच नाव शेतात अनेक कारणांसाठी वापरले जाते. फुलकिड्यांच्या उपद्रवाने पाने कडांपासून वरच्या बाजूस वळतात, कोळी किडीमुळे ती खाली वळतात, आणि पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या पर्णगुच्छ विषाणूमुळे झाड खुरटून पाने गोळा होतात. तिन्हींचा प्रतिकार करणारे गुण वेगवेगळे आहेत. प्रतिकारक वाण शोधताना नोंदवहीत केवळ 'चुरडा-मुरडा कमी' असे लिहिले, तर पुढील सर्व प्रयोगशाळेतील काम पोकळ पायावर उभे राहते.

२०२१ च्या अखेरीस आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरची पट्ट्यात थ्रिप्स पार्विस्पायनस या परदेशी फुलकिड्याने फुलांवर मोठ्या संख्येने हल्ला केला आणि फूलगळीमुळे प्रचंड नुकसान झाले. ही कीड भारतात प्रथम २०१५ मध्ये बंगळुरूजवळ पपईवर आढळल्याची नोंद आहे. आपल्या ओळखीचा मिरचीवरील फुलकिडा, सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस, हा मुख्यतः कोवळ्या पानांवर राहतो. पार्विस्पायनस मोठ्या संख्येने फुलांत राहतो. एकास तोंड देणारा वाण दुसऱ्यासही तोंड देईल असे गृहीत धरता येत नाही. डॉर्सालिस ही देखील एकसंध जाती नसून बाहेरून सारख्या दिसणाऱ्या अनेक जातींचा समूह असल्याचे डीएनए अभ्यासांतून पुढे आले आहे. पांढऱ्या माशीची स्थितीही अशीच आहे.

यातून व्यावहारिक निष्कर्ष निघतो. एखाद्या ठिकाणी प्रतिकारक ठरलेला स्थानिक वाण दुसरीकडे बळी पडला, तर त्याची दोन कारणे संभवतात : बियाणे तेच नसेल किंवा कीड तीच नसेल. म्हणून वाणाच्या चाचणीत झाडाच्या पानासोबत त्यावरील किडीचा नमुनाही जतन करावा. दोहोंची रेणवीय ओळख पटली, तरच निकालांची तुलना करता येते.

मधमाशी, बियाणे आणि हरवणारे अंश

मिरचीचे फूल द्विलिंगी व स्वफलनक्षम असले, तरी त्यात परपरागीभवन होते. वाण, हवामान आणि कीटकांची वर्दळ यांनुसार त्याचे प्रमाण अत्यल्प ते ९० टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. ज्या फुलांत कुक्षी परागकोशांच्या वर डोकावते, तेथे मधमाश्यांमार्फत बाहेरचे पराग येण्याची शक्यता वाढते. म्हणूनच प्रमाणित बीजोत्पादनात पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर व प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटर विलगीकरण अंतर ठरविलेले आहे. भिवापुरीचा अर्धा एकर आणि बांधापलीकडे संकरित मिरची असेल, तर हे अंतर सांभाळणे शक्य नसते. पहिल्या वर्षी फळांत फरक दिसत नाही, कारण फळ आईच्या झाडाचे असते. बदल त्या बियांतून उगवणाऱ्या पुढील पिढीत दिसतो. मधमाशी परागीभवनाचे आपले काम करीत असते, तिला दोष देण्यात अर्थ नाही. फवारणीने तिला दूर ठेवण्याचा विचार तर मुळीच करू नये. बियाण्याची झाडे ४० ते ५० मेशच्या जाळीखाली ठेवणे हा सुरक्षित उपाय आहे. जाळीत फळधारणेसाठी फुलोऱ्याच्या काळात सकाळी झाडे हलकेच हलवावीत.

दुसरा धोका निवडीतून येतो. सर्वांत देखण्या एक-दोन झाडांचेच बी राखण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. वाणात एखादा उपयुक्त अंश १० टक्के प्रमाणात आहे असे समजू. एकाच झाडाचे बी राखले तर तो अंश गमावण्याची शक्यता ८१ टक्के असते. ५ झाडांचे राखल्यास ती ३५ टक्क्यांवर येते आणि २० झाडांचे राखल्यास दीड टक्क्यापेक्षाही कमी होते. अंश ५ टक्के इतका विरळ असेल, तर २० झाडांतही तो गमावण्याची शक्यता सुमारे १३ टक्के राहते. ५० झाडे घेतल्यास ती एक टक्क्याच्या आत येते. गोळा केलेल्या प्रत्येक झाडाचे बी सारख्या प्रमाणात मिसळणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

नमुना गोळा करताना

प्रयोगशाळा कितीही सुसज्ज असली, तरी अभ्यासाचा कस शेतातील नमुन्यावर अवलंबून असतो. पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात.

१. एका शेतातून किमान १५ ते २० झाडांची पाने स्वतंत्र पाकिटांत घ्यावीत. सर्वांची पाने एकत्र केल्यास वाणाच्या आतील विविधतेची मोजणी करता येत नाही. झाडे ओळीने न घेता शेतभर विखुरलेली निवडावीत.

२. शेंड्याकडील कोवळी, निरोगी पाने घ्यावीत. जून पानांतील फिनॉलयुक्त पदार्थ व चिकट शर्करा डीएनए वेगळा करताना अडथळा आणतात. मावा, फुलकिडे, त्यांची अंडी व बुरशी असलेली पाने टाळावीत, कारण त्यांचा डीएनएही नमुन्यात येतो.

३. पान स्वच्छ कापसाने पुसून कागदी पाकिटात घालावे व पाकीट सिलिका जेल असलेल्या हवाबंद डब्यात ठेवावे. पान उन्हात वाळवू नये. ओलसर प्लास्टिक पिशवीत ठेवल्यास ते कुजते.

४. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलने क्रमांक, तारीख, गाव, अक्षांश-रेखांश व वाणाचे स्थानिक नाव लिहावे. बियाणे किती वर्षांपासून घरचे आहे, मूळ कोणाकडून आणले आणि आसपास कोणती मिरची आहे, हे बीज राखणाऱ्या महिलेला व शेतकऱ्याला विचारून नोंदवावे. वृक्षालेखावरील एखाद्या अनपेक्षित फांदीचा उलगडा बहुधा याच नोंदीतून होतो.

५. त्याच झाडांच्या फळांचे छायाचित्र व थोडे बी राखावे. डीएनएचा निकाल हाती आला आणि बीच उरले नाही, तर त्या निकालाचा शेतकऱ्याला उपयोग होत नाही.

६. किडींचे नमुने वेगळ्या कुपीत, शक्यतो ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावेत व त्यांना झाडाचाच क्रमांक द्यावा.

७. नमुना कोणत्या संस्थेसाठी व कशासाठी घेतला जात आहे, हे शेतकऱ्याला आधी सांगावे आणि निकाल त्याच्यापर्यंत परत पोहोचवावा.

नोंदीपासून शेतापर्यंत

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. या नोंदवहीत अनेकदा 'मिरची' एवढाच उल्लेख आढळतो. गावातील प्रत्येक वाणाचे नाव, राखणारी कुटुंबे व बियाण्याचा इतिहास तेथे नोंदवून घेणे विस्तार कार्यकर्त्यांना सहज शक्य आहे. बियाण्याचा नमुना राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या अकोला येथील प्रादेशिक केंद्राकडे जतनासाठी देता येतो. स्वतः जतन केलेल्या वाणाची शेतकरी वाण म्हणून नोंदणी करण्याची सोय २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात असून त्यासाठी शेतकऱ्याला नोंदणी शुल्क भरावे लागत नाही. भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या मिरचीच्या उत्पादकांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवावे. परंतु तेवढ्यावर न थांबता उत्पादक संघाने मूळ बियाण्याचा एक संदर्भसंच, त्याच्या चिन्हकांच्या नोंदीसह, सांभाळावा. वाणाच्या शुद्धतेविषयी पुढे वाद उद्भवला, तर तुलनेसाठी काहीतरी हाताशी असेल.

भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. भिवापुरीसारख्या वाणाच्या नूतनीकरणाची वेळ येते, तेव्हा कागदपत्रांबरोबर आपल्या शेतातील बियाणेही एकदा तपासून घेणे इष्ट ठरेल. नावाचे नूतनीकरण चेन्नईत अर्ज व शुल्क भरून होते. हरवलेल्या जनुकीय अंशांचे नूतनीकरण करणारे कार्यालय कोठेही नाही. ते अंश येत्या हंगामात राखल्या जाणाऱ्या बियाण्यातच टिकवावे लागतील.